मिलिट्रीचे दोन डाव

"दिवसाला किती माणसं मारतीस?"

मला बघायला आलेल्या पाहुण्यांचा हा पहिला प्रश्न. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही नाही. विचारणारी बाई म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या. मुलगा, जयसिंगपूरचा, फौंड्रीत कामाला असलेला भूपाल मगदूम, शेजारच्या खुर्चीत बसून बशीतल्या पोह्यांकडे बघत होता. आमच्या घरात तेव्हा कांदा येत नसे, त्यामुळे त्या पोह्यांत बघण्यासारखंही काही नव्हतं.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी कमी. पगाराच्या दिवशी जास्त."

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदम खोकला आला. आत्याबाई हसल्या नाहीत. भूपालच्या मिशीखाली मात्र काहीतरी हललं, आणि त्यानं घाईघाईनं चमचा तोंडात घातला.

प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही जैन. दिवस बुडाल्यावर जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय पिणं नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय बाजूला. आणि अशा घराच्या पुढच्या सोप्यात, इचलकरंजीच्या भर वस्तीत, आण्णांनी गोळ्या झाडायचा खेळ मांडला होता. यंत्रमागावर जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्तीचं, काम करून पाठ गेल्यावर त्यांनी व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. तीन मशीनं होती. दोन कशीबशी चालायची. तिसऱ्यापुढं रांग लागायची, आणि ते तिसरं मशीन मी सांभाळायची. त्यावरची धूळ पुसणं, बटणाखालची पट्टी सरळ करणं, खेळणाऱ्यांची भांडणं सोडवणं, सगळं मी. ते माझंच मशीन होतं असं म्हणा ना.

लग्नाला माझी ना नव्हती. अट एकच होती, लग्नानंतरही मशीन मी चालवणार. आधी तीन स्थळं येऊन गेली. तिघांनीही मान डोलवून "बघू की नंतर, त्यात काय" असं म्हटलं, आणि मी तिघांनाही नको म्हणाले. आण्णांना यातलं काही कळत नव्हतं. "हो म्हणाले की गं ती माणसं," म्हणायचे. या चौथ्या वेळी त्यांनी मला सकाळपासून बजावलं होतं की तू तोंड उघडू नकोस, काय बोलायचं ते मी बोलतो.

"त्रिशला गमतीनं बोलती तसं," आण्णा म्हणाले. "पडद्यावरची माणसं असतात ती. चित्रातली."

"बघू तरी काय असतंय," म्हणत आत्याबाई पदर खोचून उठल्या. भूपालचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते. त्याला यांनीच वाढवलेलं, त्यामुळे त्या उठल्या की तोही उठायचा.

पार्लर त्या दिवशी पाहुण्यांसाठी बंद ठेवलं होतं. मी मशीनचं बटण दाबलं आणि पडद्यावर दोन सैनिक उभे राहिले, एक निळा आणि एक तांबडा. समोर झाडी. काचेवर खेळाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते कधी कुणी घेतलं नाही. सगळे त्याला 'मिलिट्री' म्हणायचे. आतला बोर्ड मुंबईहून आलेला, मूळचा म्हणे जपानचा. बाहेरचं कपाट आमच्या गल्लीतल्या सुतारानं केलेलं, आणि त्यावर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून उरलेला गुलाबाच्या फुलांचा सनमायका ठोकलेला. जगात दुसरीकडं कुठं फुलाफुलांची मिलिट्री असेल असं मला वाटत नाही.

हा खेळ कुणी बनवला, कधी बनवला, आम्हाला पत्ता नव्हता. इचलकरंजीत आला आणि तो इचलकरंजीचा झाला. पाळी संपवून मागावरचे कामगार यायचे, केसात कापसाचे तंतू तसेच, आणि त्यांनी प्रत्येक मुक्कामाला आपलं नाव दिलं होतं. पहिलं जंगल म्हणजे दाजीपूर. मग उंच धबधबा लागायचा, ज्याच्या दगडांवरून उड्या मारत वर चढायचं. तो गोकाक. त्यानंतर नळ्या, वाफ आणि फिरते रूळ असलेला कारखाना. तो सायझिंग, कारण आमच्याकडं सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये असंच सगळं असतं. आता हा खेळ फोनवर फुकट मिळतो. माझा मुलगा त्याला रेट्रो म्हणतो आणि धबधब्याला वॉटरफॉल. मी त्याला दर वेळी सांगते, गोकाक म्हण.

आत्याबाईंनी काचेला नाक लावलं. मी निळा सैनिक दाजीपुरात दोन पावलं चालवून एक शत्रू पाडला. तो उडाला, लुकलुकला आणि नाहीसा झाला.

"कुठं गेला?"

"गेला," आण्णा घाईनं म्हणाले. "रक्त नाही, काही नाही. बघा की, खूण पण राहत नाही."

"आणि पुढच्या खेळाला?"

"पुढच्या खेळाला परत तिथंच उभा असतोय," मी म्हणाले.

आत्याबाई मागं झाल्या. "म्हणजे फेरा चुकला नाही बिचाऱ्याचा," त्या म्हणाल्या, आणि इतक्या मनापासून म्हणाल्या की हसावं का गप्प बसावं मला कळेना. बाई मला आवडायला लागल्या त्या तिथंच.

"मी खेळू का एक डाव?" भूपालनं विचारलं. आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

आण्णांचा चेहरा उजळला. "खेळा की. त्रिशला, तूही खेळ. दोघं मिळून खेळायचा खेळ आहे तो."

तो होताच तसा. दोघांना तीन-तीन जीव मिळायचे. गोकाकचा धबधबा चढताना पडदा वर सरकायचा, आणि जो खाली राहील तो मरायचा. म्हणजे पुढच्यानं घाई केली तर मागचा गेला. वाटेत चांगल्या बंदुकीचा डबा उडत यायचा, आणि तो ज्यानं उचलला त्याचा. आणखी एक गोष्ट होती. तुमचे जीव संपले की बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतला एक जीव घेता यायचा. मशीन काही विचारायचं नाही. आमच्या पार्लरमध्ये मात्र कायदा होता की 'घेऊ का' असं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. न विचारता घेणाऱ्याला मी मनगटाला धरून बाहेर काढलेलं आहे, मग तो कितीही मोठा असो.

आम्ही उभे राहिलो. मी निळा, तो तांबडा.

दाजीपुरात बंदुकीचा डबा आला. तो माझ्यापेक्षा जवळ होता, तरी बाजूला सरकला. "घ्या तुम्ही," म्हणाला. दुसरा डबा आला. "हा पण घ्या." गोकाकला लागल्यावर मी वर चढत होते आणि तो खालच्या दगडावर थांबून माझ्यावर येणाऱ्या गोळ्या थोपवत होता. पडदा सरकला आणि तो मेला. परत आला, परत खाली थांबला. मध्येच माझे तिन्ही जीव संपले. मी रीतसर विचारलं, "घेऊ का?"

"घ्या की. सगळे तुमचेच."

मागून आत्याबाईंचा आवाज आला, "बघा, कसा सांभाळून घेतोय."

"हो तर," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात अक्षता पडायला लागल्या होत्या.

गोकाकच्या माथ्यावर मी एकटीच पोचले. तो खाली कुठंतरी संपला होता. डाव माझा झाला, सगळे खूश झाले. मला मात्र राग आला होता. इतका की जॉयस्टिकवरचा हात उचलवेना.

"सांगलीला शिकताना कुठं खेळायचा तुम्ही?" मी विचारलं.

"कोण म्हणालं मी खेळायचो?"

"नवखा माणूस बटण बोटानं दाबतो. तुम्ही तळव्याची कड लावता. सराव असल्याशिवाय तसा हात बसत नाही."

त्यानं हात खिशात घातला. "डिप्लोमाला असताना. बसस्टँडजवळ होतं एक मशीन. हेच."

"गोकाक पार व्हायचं?"

"धबधब्याच्या पुढचा कारखानाही पार केलाय."

"मग खाली का थांबला होता?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. आणि सरळ म्हणाला, त्यात आव नव्हता.

"मी थांबा म्हणाले होते?"

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी गप्प झाले असते. "त्रिशला, पाहुण्यांना जेवायला वाढायचंय. दिवस बुडायला आला."

"आहे की अजून उजेड," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसल्या. "खेळू दे त्यांना. पोरगी काहीतरी बघायला लागलीय. बघू दे."

मी भूपालला म्हणाले, "आणखी एक डाव. या वेळी खरा खेळा. नाहीतर आत्ताच जेवून घ्या आणि सुखानं जा."

त्यानं शर्टाच्या बाह्या मागं सारल्या. त्या बाह्या बघून मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या डावात पहिला डबा त्यानं उचलला. दुसऱ्याला आमची धक्काबुक्की झाली, खांद्याला खांदा लागला, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर, आणि कुणालाच त्याचं भान नव्हतं. गोकाकवर तो माझ्या पुढं होता.

"वर या," म्हणाला. "मी थांबणार नाही."

"थांबू नका. डावीकडचा तो पाडा आधी."

"तो तुमचा. मी उजवीकडं बघतोय."

"माझी बंदूक साधी आहे."

"मग नेम धरा."

आण्णा दोनदा "अगं" म्हणाले असतील. गोकाक आम्ही दोघांनी मिळून पार केला. वरच्या दगडावर निळा आणि तांबडा शेजारी-शेजारी उभे राहिले तेव्हा मी ओरडले, आणि तोही ओरडला, नुसताच आवाज. एवढं चांगलं मी तोवर कुणाबरोबर खेळले नव्हते. सायझिंगमध्ये शिरलो. फिरत्या रुळांपाशी माझा शेवटचा जीव गेला. त्याच्या शिलकीत एकच जीव होता आणि समोर मोठा दरवाजा, ज्याच्यामागं त्या खेळातला सगळ्यात अवघड शत्रू बसलेला असायचा.

मी बटण दाबलं आणि तो जीव घेतला. विचारलं नाही. हात चुकून गेला असं म्हणायला जागा होती, पण तसं नव्हतं. मी मुद्दाम घेतला.

भूपालनं तळहात कपाटावर आपटला. "विचारायचं असतंय की नाही?"

आण्णा पांढरे पडले.

"विचारलं असतं तर?" मी म्हणाले.

"दिला नसता. दाराच्या आत तो एका जिवात मरत नाही. मला लागणार होता. पुढं जादा जीव मिळाला असता तर तो दिला असता, पण आत्ता दिला नसता." तो लालबुंद झाला होता. खेळाकडं आमचं लक्षच राहिलं नाही, आणि पडद्यावर आधी तांबडा मेला, मग निळा.

मग त्याला जाग आली. आजूबाजूला बघितलं, आत्या, आण्णा, मी. "माफ करा," तो म्हणाला. "आवाज चढला माझा."

"माफी मागू नका," मी म्हणाले. "आता मला एका गोष्टीचं उत्तर असंच द्या. लग्न झाल्यावर हे मशीन मी चालवणार. चालेल का?"

तो आण्णांकडं वळला, मग परत माझ्याकडं. "मध्यस्थ तर म्हणाले होते की मशीन लग्नाआधी विकणार आहेत. तसं तुमच्या घरूनच कळवलंय म्हणाले."

आण्णा मशीनची काच बोटानं पुसायला लागले. काच स्वच्छ होती.

त्या घटकेला मी आण्णांचं नाव बाजूला ठेवलं. "ते नंतर बघते. तुम्ही तुमचं सांगा."

"आमच्या घरात मशीन नको," भूपाल म्हणाला. "जागा नाही. आत्तीला आवाज सोसत नाही, तिचं डोकं दुखतं. मी हो म्हटलं तर ते खोटं होईल."

आणि मला माझी थोरली बहीण आठवली. राजमतीताई ब्लाऊज असे शिवायची की बायका कोल्हापुराहून यायच्या. तिला बघायला आले तेव्हा भावोजींनी शिलाई मशीनबद्दल विचारताच हात जोडून सांगितलं होतं, "सगळं तुमच्या मर्जीनं." फार गोड माणूस. आजही गोडच आहे. कधी नाही म्हणाला नाही. आज नको, सणानंतर बघू, बाळ मोठं होऊ दे, असं करत ताईचं मशीन माळ्यावर गेलं, आणि तिला भांडताही आलं नाही, कारण भांडणार कुणाशी? त्या तीन स्थळांना मी नको म्हणाले ते याचसाठी, आणि पहिल्या डावात खालच्या दगडावर थांबलेल्या तांबड्याला बघून मला राग आला तोही याचसाठी. मला देणारा नको होता. ज्याच्याशी भांडता येईल असा हवा होता.

"बरं," मी म्हणाले. "मग मशीन इथंच राहील. मी जयसिंगपूरहून रोज येईन."

"एसटीनं?"

"एसटीनं."

तो विचार करायला लागला. खरंच विचार करत होता, ते दिसत होतं. "रात्री किती वाजेपर्यंत चालतं?"

"नऊ."

"नऊ जमणार नाही. शेवटची गाडी धरून एकटीनं यायचं, मला झोप लागणार नाही."

"आठ."

"सात."

"सातला कामगारांची पाळी सुटते. तोच तर धंदा."

"मग मी फौंड्रीतून सुटून न्यायला येतो. पण महिन्यातून एक आठवडा माझी दुसरी पाळी असते, त्या आठवड्यात सात."

"त्या आठवड्यात सात," मी म्हणाले. "बाकी आठ."

आत्याबाई स्टुलावरून उठल्या. "लग्न ठरवताय का गाळ्याचा सौदा करताय?" त्या खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघितलं. सूर्य मागांच्या शेडमागं कधीच गेला होता. आत पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं झाकून ठेवलेलं, आणि आता उद्यापर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नव्हता. आत्याबाईंनी एक सुस्कारा सोडला. "मला पोरगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी मी आधी जेवणार." आणि भूपालला घेऊन उपाशीपोटी एसटी स्टँडकडं निघाल्या. गल्लीच्या वळणावर त्यानं मागं वळून बघितलं. मी हात केला नाही, पण दारातून आतही गेले नाही.

पुढं सगळं रीतसर झालं. लग्न झालं, आणि मी रोज आले. आमच्यात एसटीवरून, पाळीवरून, आत्तीच्या डोकेदुखीवरून भांडणं झाली, आणि एकही भांडण अर्धवट राहिलं नाही. मोबाईल आले आणि रांगा आटल्या, तोवर ते फुलाफुलांचं कपाट आमचं घर चालवत होतं. पण त्या संध्याकाळचं एक राहिलं.

पाहुणे गेल्यावर मी पार्लरमध्ये परत आले. आण्णा अजून काच पुसत होते.

"विकणार होता?" मी विचारलं. "मला न सांगता?"

"स्थळ चांगलं होतं," ते म्हणाले. "मशीनपायी मोडायला नको म्हणून."

"आण्णा, खरं सांगा."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून खांद्यावर टाकलं, परत काढलं, परत घडी केली. मला वाटलं, आता आत निघून जातील.

"तू गेल्यावर या मशीनपुढं दुसरं कोण तरी उभं राहणार," ते शेवटी म्हणाले. "सकाळी मी दार उघडणार आणि तू नसणार. ते काय बघवणार होतं व्हय मला? त्यापेक्षा जाऊ दे म्हटलं. तू जायच्या आधीच जाऊ दे."

"मग हे मला सांगायचं होतं."

"बापानं असलं काय सांगायचं असतंय?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी आत्याबाईंच्या स्टुलावर बसले, आणि आम्ही दोघं त्या चालू पडद्याकडं बघत राहिलो. मग आण्णांनी घसा साफ केला.

"काय गं," ते म्हणाले, "बंद करायची वेळ त्यानं ठरवून घेतली. उघडायची कुणी विचारलीच नाही न्हवं?"

"नाही."

"जयसिंगपूरहून पहिली गाडी पहाटे असती," आण्णा म्हणाले. "मी चहा टाकून ठेवीन."